‘थायरॉइड वाढलंय’ म्हणजे नेमकं काय वाढलंय?

प्रश्न : रिपोर्टमध्ये टीएसएच ९ आलं की ‘थायरॉइड वाढलंय’ म्हणतात. डॉक्टर मात्र ‘थायरॉइड कमी आहे’ म्हणून गोळी देतात. दोन्ही एकाच वेळी बरोबर कसं? टीएसएचला मराठी शब्द काय?

प्रतिसाद १ : हा शब्दप्रयोग तीन अर्थांनी होतो. गळ्यातली ग्रंथी फुगली, म्हणजे गलगंड. ग्रंथीचं संप्रेरक रक्तात जास्त झालं. किंवा टीएसएचचा आकडा चढला. यातले शेवटचे दोन बहुतेक वेळा एकमेकांच्या उलट असतात. टीएसएच मुळात थायरॉइडमध्ये (अवटू ग्रंथीत) तयारच होत नाही. ते मेंदूच्या तळाशी असलेल्या पोष ग्रंथीतून येतं. ‘अवटू-उद्दीपक संप्रेरक’ म्हणा, काम नावातच आलं. अवटू कमी पडली की पोष ग्रंथी तिला जास्त हाकते, म्हणून टीएसएच चढतं. तेव्हा ‘टीएसएच वाढलंय, थायरॉइड मंद आहे’ असं पूर्ण बोलावं.

प्रतिसाद २ : पोष ग्रंथीच्याही वर मेंदूचा अधोथॅलॅमस हा भाग आहे. तिथलं टीआरएच, म्हणजे टीएसएच सोडायला लावणारं संप्रेरक, जेमतेम तीन अमिनो आम्लांचं. त्याची रचना १९६९ मध्ये गीयमँ आणि शॅली या शास्त्रज्ञांच्या दोन वेगळ्या गटांनी उलगडली. १९७७ च्या नोबेलमध्ये दोघेही होते. टीआरएच खास रक्तवाहिन्यांतून थेट पोष ग्रंथीत उतरतं, तिथून टीएसएच, मग अवटूतून मुख्यतः टी४ हे तिचं संप्रेरक. टी४ मधला आयोडिनचा एक अणू निघाला की टी३ होतं, आणि पेशींत खरं काम तेच करतं. हे दोन्ही वर जाऊन टीआरएच व टीएसएचला आवर घालतात. याला ‘ऋण प्रतिपुष्टी’ म्हणतात. इथे ‘ऋण’ म्हणजे वाईट नव्हे, उलट दिशेचा परिणाम. टी४ थोडं घसरलं तरी टीएसएच कित्येक पटींनी उसळतं, म्हणूनच बिघाडाची चाहूल आधी टीएसएचमध्ये लागते. टी४ चा अर्धायुकाल (रक्तातलं प्रमाण निम्म्यावर यायला लागणारा वेळ) सुमारे ७ दिवस. गोळीचा डोस बदलल्यावर दहाव्या दिवशी तपासणी करून काही हाती लागत नाही. ६ ते ८ आठवडे थांबावं लागतं.

प्रतिसाद ३ : ‘टीएसएच नॉर्मल म्हणजे थायरॉइड नॉर्मल’ हे वाक्य पोष ग्रंथी धड असेल तरच खरं. तिथे गाठ असेल, शस्त्रक्रिया किंवा किरणोपचार झाले असतील, तर टी४ कमी असूनही टीएसएच नॉर्मल दिसू शकतं. ही ‘मध्यवर्ती’ अवटू-न्यूनता. यात डोस मुक्त टी४ (रक्तातल्या प्रथिनांना न चिकटलेलं टी४) पाहून ठरतो. त्याआधी कॉर्टिसॉल (मूत्रपिंडावरच्या अधिवृक्क ग्रंथीचं संप्रेरक) तपासणं अत्यावश्यक: ते कमी असताना नुसती थायरॉइडची गोळी सुरू केली तर रुग्णाच्या जिवावर बेतू शकतं. आणखी एक, केसांसाठी बायोटिन या जीवनसत्त्वाचे मोठे डोस घेणाऱ्यांत काही यंत्रांवर टीएसएच खोटं कमी आणि टी४ खोटं जास्त येतं. तपासणीआधी निदान दोन दिवस ते बंद ठेवावं.

प्रतिसाद ४ : ‘चयापचय’ हा शब्दही पचन या अर्थाने सर्रास वापरला जातो. चय म्हणजे उभारणी, अपचय म्हणजे मोडणी. दोन्ही प्रत्येक पेशीत चालतात, पचन फक्त अन्नमार्गात. टी३ पेशींतले सोडियम-पोटॅशियम पंप (हे क्षार आत-बाहेर ढकलणारी प्रथिनं) वाढवतं, त्यात ऊर्जा खर्चून उष्णता निघते. थायरॉइड मंद असेल तर थंडी सोसत नाही ती यामुळे. लांबलेल्या उपासात चरबीतून येणारं लेप्टिन हे संप्रेरक घटतं, अधोथॅलॅमस टीआरएच कमी करतो आणि टी३ उतरतं. तिथे ग्रंथी बिघडलेली नसते, मेंदूने खर्च आवरलेला असतो. अशा वेळी ‘चयापचय मंदावला’ म्हणावं, ‘थायरॉइड झालाय’ नव्हे.