मदत हवी आहे: जीपवर १०२ इंची सीबी अँटेना नेमका कुठे बसवू?

मंडळी, मी कोलोरॅडोत असतो, २०१२ची रँगलर आहे, दोन दारांची. पुढच्या महिन्यात युटातल्या मोॲबला ट्रेलवर जायचंय आणि तिकडे मोबाईलला रेंज नसतेच म्हणून सीबी (गाड्यांमध्ये आपसात बोलायचा रेडिओ) टाकला. आधी चार फुटी फायबरग्लासचा अँटेना होता पण रेडिओ जेमतेम ४ वॅटचा, म्हटलं निदान अँटेना तरी धड असावा, म्हणून १०२ इंची स्टीलचा व्हिप (लवचिक छडीसारखा अँटेना) घेतला, खाली ६ इंची स्प्रिंग. बायको म्हणते मासे पकडायला निघालास का 😄

आता प्रॉब्लेम. स्टेपनीच्या मागे ब्रॅकेट लावून बसवलाय आणि एसडब्ल्यूआर (अँटेनाकडून किती पॉवर परत फिरते त्याचं माप, कमी तितकं बरं) चॅनल १ आणि ४०, म्हणजे पहिल्या आणि शेवटच्या, दोन्हीवर ३ च्या वर येतोय. नुसता लांब किंवा आखूड असता तर एका टोकाला तरी कमी आला असता ना? मला वाटतं अर्थिंगच नीट नाही, ब्रॅकेटला पावडर कोटिंग आहे ते मी घासलं नव्हतं, शिवाय स्टेपनी ज्यावर आहे ते टेलगेट (मागचं दार) बिजागऱ्यांवरच लटकलेलं. टेलगेट ते बॉडी जाड वेणीची पट्टी टाकली तर भागेल का, की सरळ मागच्या बंपरच्या कोपऱ्यावर हलवू? पण तिथे व्हिपचा खालचा भाग बॉडीला अगदी चिकटून जाईल, त्याने रीडिंग परत बिघडेल ना?

आणि उंची! जमिनीपासून ११ फूट जातोय, गॅरेजचं दार ७ फुटी. पुढे वाकवून दोरीने बांधणारे कोणी आहेत का, हुक कशाला लावता? सुटला तर कोणाच्या तरी डोळ्यात जायचा ही भीती आहे.