म्युनिकमध्ये रूम: हॉस्टेलच्या भरवशावर थांबू नका

म्युनिकला शिकायला येणाऱ्यांना कुणीतरी सांगतंच की श्टुडीरेंडनवेर्कचा (विद्यार्थ्यांची हॉस्टेलं चालवणारी संस्था) फॉर्म भरा, हॉस्टेल मिळतंच. फॉर्म भराच हो, पण म्युनिकला वेटिंग कित्येक सेमिस्टरचं असतं, त्यात फ्राइमान भागातल्या श्टुडेंटनश्टाट या हॉस्टेलांच्या वसाहतीमधले काही टॉवर 2021 च्या आगीनंतर बंद झाले, त्यामुळे आल्या आल्या मिळालं तर लॉटरीच.

खरा मार्ग म्हणजे शेअर फ्लॅटमधली एक खोली. डब्ल्यूजी-गेझुख्ट या खोल्या शोधायच्या वेबसाइटवर सगळ्यांना एकच कॉपी-पेस्ट मेसेज टाकला की कुणी ढुंकून बघत नाही, जाहिरात नीट वाचून चार ओळी जर्मनमध्ये लिहा, मोडकंतोडकं असलं तरी चालतं, आणि मग ते लोक व्हिडिओ कॉलवर अक्षरशः स्थळ बघितल्यासारखं बघतात, लाजू नका. "मी सध्या परदेशात आहे, पैसे पाठवा, चावी कुरियरने येईल" म्हणणारा मालक दिसला की सरळ ब्लॉक!! डिपॉझिट कायद्याने जास्तीत जास्त 3 महिन्यांचं, तेही हीटिंग-पाण्याचा खर्च सोडून जे भाडं असतं त्याच्यावर, आणि 3 हप्त्यांत देता येतं.

सगळ्यात महत्त्वाचं, त्या पत्त्यावर आनमेल्डुंग (सरकारी दफ्तरी पत्त्याची नोंदणी) करता येईल का हे आधीच लेखी विचारा. नाहीतर पुढे रेसिडेन्स परमिटपासून सगळं अडकतं.

आणि टीयूचे (म्युनिकची टेक्निकल युनिव्हर्सिटी) बरेचसे विभाग शहराबाहेर गार्शिंगला आहेत, तेव्हा शहराच्या मध्यावर मारियनप्लाट्सजवळच हवं हा हट्ट कशाला? गार्शिंगला जाणाऱ्या यू6 मेट्रो लाइनवर कुठेही बघा. सुरुवातीला दोन-तीन महिन्यांचं सबलेट (दुसऱ्या भाडेकरूची खोली तात्पुरती भाड्याने) मिळालं तरी घेऊन टाका, तिथे पोचल्यावर प्रत्यक्ष भेटून शोधणं बरंच सोपं जातं.