टॉवर म्हणजे बुरूज का?

स्कॉटलंडमधल्या एडिंबरा किल्ल्यावरच्या लेखाचा अनुवाद करतेय. त्यात 'डेव्हिड्स टॉवर' आहे. राजा दुसरा डेव्हिड याने १३६८च्या सुमारास बांधायला घेतलेला. मी बिनधास्त 'डेव्हिडचा बुरूज' लिहून मोकळी झाले आणि पुढच्या ओळीत वाचलं की त्यात राजाचा मुक्काम असे. बुरुजात कोणी राहतं का?

प्रतिसाद: नाही. आपला बुरूज हे तटाचं अंग. वर तोफ, भिंतीत जंग्या, म्हणजे बंदुकीच्या माऱ्यासाठी भोकं. हा टॉवर म्हणजे मजल्यावर मजले चढवलेलं घर आहे. 'मनोरा' लिहा. मुंबईत आमदार निवासाचं नावच मनोरा, म्हणजे राहण्याचीही सोय झाली.

प्रतिसाद: मूळ अरबी 'बुर्ज'चा अर्थ मनोराच. बुर्ज खलिफात लोक राहतातच की! मराठीत येताना शब्द आक्रसला.

प्रतिसाद: आक्रसला ते बरंच झालं, कारण या अनुवादात दोन्ही शब्द लागणार आहेत. मे १५७३मध्ये किल्ल्याला वेढा पडला असताना इंग्लंडहून आणलेल्या तोफांनी हा टॉवर पाडला. ढिगाऱ्याने किल्ल्यातली विहीर बुजली, पाण्यावाचून शिबंदी शरण आली. मग राज्यकारभार पाहणाऱ्या मॉर्टनने उरलेल्या अवशेषांना पोटात घेऊन, शहराकडे तोंड करून 'हाफ मून बॅटरी' उभारली. अर्धगोल, जाड भिंतीची, तोफांसाठीच. हा झाला आपला बुरूज! तेव्हा आधीचा मनोरा, नंतरचा अर्धचंद्र बुरूज. पोटातला मनोरा पुन्हा सापडला तो थेट १९१२ साली.

प्रतिसाद: बॅटरीला 'तोफखाना' मात्र नको, ते खातं झालं. जुना शब्द 'मोर्चा', पण आज वाचकाला घोषणा ऐकू येतील.

मूळ प्रश्नकर्ती: पटलं. आता ग्रेट हॉल. 'सदर' चालेल?

प्रतिसाद: सदर पुढून उघडी असते. चौथ्या जेम्सचा १५११चा हॉल चारी बाजूंनी बंद, वर लाकडी कैच्यांचं छत. 'दरबार दालन' म्हणा. १६५०मध्ये इंग्लिश सेनापती क्रॉमवेलने किल्ला घेतल्यावर तिथे सैनिकांची बराक झाली आणि छत झाकलं गेलं, ते एकोणिसाव्या शतकाअखेर पुन्हा दिसतं केलं.

मूळ प्रश्नकर्ती: शेवटचं. दुसऱ्या महायुद्धात स्कॉटलंडचा राजमुकुट त्याच पडक्या मनोऱ्यातल्या जुन्या संडासाखाली पुरून ठेवला होता. 'संडास' लिहायला हात धजत नाही.

प्रतिसाद: रायगडावर 'शौचकूप' म्हणतात. तेच लिहा, मुकुटाचीही अब्रू राहील.