एसिटालोप्रॅम सुरू केल्यापासून अंगावर पुरळ, गोळी बंद करू का?

रातराणी: एसिटालोप्रॅम (डिप्रेशनवरची गोळी) १० एमजी सुरू होऊन आज ११ दिवस झाले. परवापासून पोटावर आणि दंडाच्या आतल्या बाजूला बारीक लाल पुरळ आलंय, रात्रभर खाजवते, सकाळी नखांचे ओरखडे दिसतात. ताप नाही. सासूबाई म्हणाल्या पित्त उठलंय, आमसुलाचं पाणी लाव, लावलं, तेवढ्यापुरतं गार वाटतं. कित्येक दिवसांनी काल सकाळी आपणहून केस विंचरावेसे वाटले हो, आणि आता गोळीच सोडावी लागणार का म्हणून रडू येतंय. अपॉइंटमेंट शनिवारी आहे, थांबू की आजच बंद करू?

पाऊलवाट: शनिवारपर्यंत थांबू नका, आजच फोन लावा. मला फ्लुओक्झेटिनने, म्हणजे याच जातीच्या दुसऱ्या गोळीने, असंच झालं होतं, मी घाबरून कोणाला न विचारता बंद केली, पण फ्लुओक्झेटिन अंगातून उतरायला कितीतरी आठवडे लागतात, खाज होतीच आणि मन परत खाली गेलं ते वेगळंच. नंतर डॉक्टरांनी सर्ट्रालिन दिली, ती सोसली. एक बंद म्हणजे सगळे रस्ते बंद असं नाही गं.

गोळीवाला: मी फार्मासिस्ट आहे. या दिवसांत दुसरं काही घेतलंत का, अँटिबायोटिक, पेनकिलर? लॅमोट्रिजिन (फिट्स किंवा मूडसाठीची गोळी) चालू असेल तर पुरळ दिसल्या दिवशीच डॉक्टरांना कळवायचं असतं. आणि खाजेसाठी हायड्रॉक्सिझिन मनाने घेऊ नका, ती आणि एसिटालोप्रॅम दोन्ही ईसीजीतला क्यूटी लांबवतात, म्हणजे हृदयाचे ठोके बिघडण्याचा धोका वाढतो. तोंडात फोड, डोळ्यांची आग, कातडी सुटणं, ताप, ओठ सुजणं, श्वास लागणं, यातलं एक जरी दिसलं तरी पुढची गोळी न घेता सरळ हॉस्पिटल गाठा, रात्र असली तरी.

रातराणी: दादा तुम्ही विचारलंत म्हणून आठवलं, मागच्या आठवड्यात लघवीच्या इन्फेक्शनसाठी फॅमिली डॉक्टरांनी ५ दिवस गोळ्या दिल्या होत्या, पाकिटावर कोट्रायमोक्साझोल लिहिलंय.

गोळीवाला: ते सल्फाचं औषध आहे, त्याने पुरळ येणं अगदी नेहमीचं. तरी कोणामुळे आलं ते डॉक्टरांनाच ठरवू दे, पण हे आत्ताच सांगा त्यांना.

रातराणी: फोन केला. उजेडात काढलेले फोटो मागवले, कधी काय सुरू केलं ते तारखेसकट विचारलं. ५ वाजता दोन्ही पाकिटं घेऊन बोलावलंय. निघतेच.