व्हिडिओपाठ समजतात, पण नव्या कराराचे ग्रीक वाचता येत नाही : काय करावे?

प्रश्न : वाचनार्थी

नमस्कार. मी महाविद्यालयापर्यंत संस्कृत शिकले असून आमच्या मंडळीतील प्रौढांच्या बायबल अभ्यासवर्गाला शिकवते. नवा करार मूळ ग्रीकमधून वाचता यावा, या इच्छेने सध्या इंटरनेटवरील इंग्रजी व्हिडिओपाठ पाहत आहे. पाठ चालू असताना सारे स्पष्ट होते. परंतु योहानाच्या शुभवर्तमानाचे पान उघडले की पाठ केलेल्या शब्दांचीही रूपे ओळखू येत नाहीत. शिवाय एका मालिकेतील शिक्षक ज्या स्वराचा उच्चार ‘ए’ करतात, त्याचाच उच्चार दुसऱ्या मालिकेत ‘ई’ असा होतो. कोणता उच्चार धरावा, कोणत्या प्रकारचे व्हिडिओ निवडावेत आणि संस्कृतचा येथे खरोखर उपयोग होतो का, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

उत्तर : अध्यापक_पुणे

संस्कृतचा उपयोग होतो, आणि तो आपल्याला वाटतो त्याहून पुष्कळ जास्त होतो, म्हणून तेथूनच सुरुवात करतो. इंग्रजी व्हिडिओपाठ ज्यांच्या भाषेत नामाच्या विभक्ती जवळजवळ उरलेल्या नाहीत, अशा विद्यार्थ्यांसाठी बनवलेले असतात; त्यामुळे विभक्ती म्हणजे काय, नपुंसकलिंग म्हणजे काय, हे समजावण्यातच त्यांचे कित्येक पाठ खर्ची पडतात. आपण ते भराभर पुढे न्यावेत. ग्रीकमध्ये संबोधन धरून पाचच विभक्ती आहेत : पंचमीचे काम षष्ठीच्या रूपाकडे गेले आहे, तर तृतीया आणि सप्तमीचे चतुर्थीच्या रूपाकडे. नव्या कराराच्या ग्रीकमध्ये द्विवचन नाही. ज्या ‘मधल्या प्रयोगा’पाशी (क्रियेचे फळ कर्त्याकडेच येते अशा क्रियापदरूपापाशी) इंग्रजी भाषक विद्यार्थी अडखळतात, तो आपल्या आत्मनेपदाचा सख्खा भाऊ आहे. भूतकाळी ‘अगच्छत्’मध्ये धातूपूर्वी जसा ‘अ’ येतो, तसा तेथे ‘ए’ येतो.

एक सूचना आग्रहाने करावीशी वाटते. बहुतेक पाठ्यक्रमांत ‘मि’ने संपणारी क्रियापदे अवघड मानून अगदी शेवटी ठेवलेली असतात. आपण ती आधी पाहा. दिदोमि म्हणजे ददामि, तिथेमि म्हणजे दधामि. धातूचे द्वित्वसुद्धा तेच. त्याचप्रमाणे मत्तय ५:१ मध्ये ‘तो बसला असता शिष्य त्याच्याजवळ आले’ अशी जी रचना आहे, तिला व्हिडिओत मोठे भारदस्त नाव देऊन वेगळा पाठ केला जातो. आपल्यासाठी ती सति सप्तमीच आहे, फक्त सप्तमीच्या जागी षष्ठी. पंडिता रमाबाईंनी केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये हिब्रू आणि ग्रीकवरून मराठी बायबल सिद्ध केले (ते त्यांच्या निधनानंतर १९२४ मध्ये प्रसिद्ध झाले), तेव्हा त्यांच्यापाशीही आधी संस्कृतच होते.

खरोखर नवीन आहे ते निश्चित उपपद (इंग्रजीतील ‘द’सारखा नामापूर्वी येणारा शब्द), कारण संस्कृत आणि मराठी दोन्हींत ते नाही. नव्या करारातील सुमारे १,३८,००० शब्दांपैकी साधारण दर सातवा शब्द हे उपपद असते. त्याची चोवीस रूपे पक्की झाली, की पुढे अनोळखी नाम आले तरी त्याचे लिंग, वचन आणि विभक्ती पुष्कळदा उपपदावरूनच कळतात. आपली रूपे ओळखू येत नाहीत, त्याचे एक कारण येथे असण्याची शक्यता आहे. दुसरे कारण असे, की पाठांत ‘लुओ’ या सरळ चालणाऱ्या धातूची कोष्टके दाखवतात, आणि मजकुरात मात्र वारंवार येणारे धातू वाकडे चालतात. ‘पाहणे’ या अर्थी वर्तमानकाळी होराओ, भविष्यकाळी ओप्सोमाय आणि भूतकाळी एइदोन अशी तीन वेगळी मूळे आहेत. पश्यति आणि द्रक्ष्यति ज्यांनी पाठ केले आहे, त्यांना याचे भय वाटू नये. पण ही रूपे कोष्टकाबाहेर, स्वतंत्रपणे पाठ करावीच लागतात.

तेव्हा शाळेत आपण वाक्यातील पदांचे व्याकरण चालवत होतो, तोच पदपरिस्फोट येथे हाताने वहीत लिहावा. रोज बायबलचे एक वचन घ्यावे, प्रत्येक पद सोडवावे आणि त्यानंतरच व्हिडिओ पाहावा. रॉबर्ट प्लमर यांची ‘डेली डोस ऑफ ग्रीक’ ही मालिका एकेक वचन दोनेक मिनिटांत सोडवून दाखवते, ती या पडताळणीसाठी उत्तम आहे. व्याकरणाच्या क्रमवार पाठांसाठी विल्यम माउन्स यांची व्याख्याने चांगली आहेत. ते आधी नामे पूर्ण करतात आणि मग क्रियापदांकडे वळतात, हा क्रम संस्कृतच्या विद्यार्थ्याला मानवतो. नव्या करारात पन्नास किंवा अधिक वेळा येणारे शब्द जेमतेम सव्वातीनशे आहेत, आणि एकूण मजकुराचा सुमारे चार पंचमांश भाग त्यांनीच व्यापला आहे.

उत्तर : श्रवणाभ्यासी

वरील उत्तराशी बहुतांशी सहमत आहे; तथापि केवळ पदे सोडवत राहिल्याने वाचनाचा ओघ येत नाही, असे माझे ठाम मत आहे. प्रत्येक शब्दापाशी थांबून व्याकरण चालवणारा विद्यार्थी वाक्याच्या अखेरीस पोहोचेपर्यंत त्याची सुरुवात विसरतो. म्हणून ‘अल्फा विथ अँजेला’सारखी मालिका सोबत ठेवावी. तीत इंग्रजीचा आधार न घेता चित्रे आणि हावभावांच्या साहाय्याने सारे ग्रीकमधूनच शिकवले जाते.

उच्चाराविषयी सांगायचे तर आपण तीन पद्धती ऐकत असाल. डच विद्वान इरॅस्मसने १५२८ मध्ये मांडलेल्या विचारांवरून पडलेली पद्धत बहुतेक सेमिनरींत (धर्मशिक्षणाच्या विद्यालयांत) चालते. तीत प्रत्येक स्वर वेगळा राहतो आणि त्यामुळे शब्दलेखन लक्षात ठेवणे सोपे जाते. आजच्या ग्रीसमधील उच्चारात अनेक स्वर आणि जोडस्वर ‘ई’मध्ये विलीन झाले आहेत. त्यात नव्या करारातील ‘आम्ही’ आणि ‘तुम्ही’ यांसाठीचे शब्द कानाला सारखेच वाटतात. योहानाच्या पहिल्या पत्रात १:४ येथे काही हस्तलिखितांत ‘आमचा आनंद’ तर काहींत ‘तुमचा आनंद’ आहे. असा पाठभेद होण्यात या ध्वनिसाम्याचा मोठा हात आहे. तिसरी पद्धत पहिल्या शतकातील उच्चाराची पुनर्रचना करते आणि या दोहोंच्या मध्ये बसते. नवशिक्याने कोणतीही एक धरावी आणि वर्षभर तरी बदलू नये. आपण सेमिनरीच्या पद्धतीचे व्हिडिओ पाहत असाल, तर तीच ठेवा.

वाचनार्थी

दोघांचेही मनःपूर्वक आभार. वाचनासाठी योहानाचे शुभवर्तमानच पुढे चालू ठेवावे का, आणि मोफत मिळणाऱ्या ग्रीक संहितांपैकी कोणती घ्यावी?

अध्यापक_पुणे

आधी योहानाचे पहिले पत्र घ्या. त्याचे पाचच अध्याय आहेत, वाक्ये लहान आहेत आणि तेच ते शब्द पुन्हा पुन्हा येतात. त्यानंतर योहानाचे शुभवर्तमान, मग मार्क. लूकची पहिली चार वचने मिळून एकच लांब वाक्य होते. ते आणि इब्री लोकांस पत्र सध्या बाजूला ठेवावे.

संहितेसाठी सोसायटी ऑफ बिब्लिकल लिटरेचरची २०१० ची आवृत्ती इंटरनेटवर मोफत मिळते. काही व्हिडिओ मात्र इरॅस्मसच्या काळापासून चालत आलेल्या जुन्या छापील संहितेवर आधारलेले असतात, आणि तिचे शब्द आपल्या पानाशी जागोजागी जुळणार नाहीत. योहानाच्या पहिल्या पत्रात ५:७ येथे जुन्या संहितेत पिता, शब्द आणि पवित्र आत्मा असे स्वर्गात साक्ष देणारे तिघे सांगितले आहेत. इरॅस्मसने हा भाग १५२२ च्या तिसऱ्या आवृत्तीत घातला, आणि आजच्या चिकित्सित (हस्तलिखिते पडताळून सिद्ध केलेल्या) आवृत्त्यांत तो नाही. या पत्रापासूनच आपण सुरुवात करणार असल्याने हा फरक लवकरच समोर येईल. व्हिडिओतील शिक्षक कोणती संहिता वापरतात, ते पहिल्याच पाठाच्या वेळी पाहून घ्यावे.