फ्लुओरेसन्ट रंग : 'चमकणारा' की 'उजळणारा'?

प्रश्न : जिवंत पेशीतले चरबीचे थेंब दाखवणाऱ्या फ्लुओरेसन्ट डायला मराठीत काय म्हणावं? पुस्तकात 'प्रतिदीप्त रंजक' आहे, पण आमची वर्ध्याकडची खेड्यातली पोरं नुसती तोंडाकडे पाहतात. 'चमकणारा रंग' चालेल का?

उत्तर : 'चमकणारा' नको, सर. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीमागे लावलेलं रेडियम चमकतं. ते पडलेला उजेड तसाच परत फेकतं. काजवा स्वतःच्या उजेडाने लुकलुकतो. हा रंग दोन्हींहून वेगळा. तो एका रंगाचा प्रकाश पितो आणि दुसऱ्या रंगाचा देतो. 'बॉडिपी ४९३/५०३' या रंगाच्या नावातच ते आहे : ४९३ नॅनोमीटर तरंगलांबीचा निळसर प्रकाश घ्यायचा, ५०३चा हिरवट द्यायचा.

पेपरात 'प्रतिदीप्त'च लिहावं. शिकवताना मात्र मी 'उजळणारा' म्हणते, आणि सुरुवात तर्रीपासून करते. रस्सा वाटीत जरा निवू द्या. मिरचीचा लाल रंग पाणी सोडून वरच्या तेलात गेलेला दिसतो, एकेक गोळी वेगळी मोजता येते. कापड रंग धरतं तसं तेल रंग धरतं. 'स्टेनिंग'साठी 'अभिरंजन'पेक्षा हे 'रंग धरणे' मला कितीतरी जवळचं वाटतं.

नाइल रेड नावाचा उजळणारा रंग याच्याही पुढे जातो. पाण्यात तो जवळजवळ विझलेला असतो, तेलात शिरला की पेटतो. म्हणून पेशीतले थेंब अंधारात सोनेरी उठून दिसतात. १९८५मध्ये हा उपयोग प्रसिद्ध झाला. ऑइल रेड ओ हा जुना रंग अल्कोहोलात कालवून मेलेल्या पेशींनाच देतात. तो बहुधा साध्या उजेडात, नुसता लाल रंग म्हणूनच पाहतात, म्हणून त्याला मी 'उजळणारा' म्हणत नाही.

प्रश्न : आणि 'चरबीचा थेंब' की 'मेदबिंदू'?

उत्तर : मेदबिंदू. चरबी म्हटलं की पोरांना मटणातला पांढरा थर आठवतो, तो म्हणजे असंख्य पेशी. मेदबिंदू एकाच पेशीच्या आत असतो, त्याला फॉस्फोलिपिड या मेदवर्गी रेणूंची एकपदरी साय असते.

एक जपा : 'मेद उजळला' असं लगेच लिहू देऊ नका. सी. एलिगन्स हा मिलिमीटरभर लांबीचा पारदर्शक कृमी. त्याला जिवंतपणी नाइल रेड खाऊ घातला, तेव्हा आतड्यातले आम्लधर्मी कण उजळले. मेदाचा मुख्य साठा दुसरीकडेच होता, हे २००९मध्ये दाखवलं गेलं. मी मुलांना वहीत 'रंग इथे उजळला' एवढंच लिहायला लावते.