मदत हवी आहे: 'एज्युकेशन डेट'ला मराठीत काय म्हणावं? ('शैक्षणिक कर्ज' सोडून)

मंडळी, एका शब्दावर आठ दिवस अडकलेय.

डी.एल.एड.च्या (शिक्षक-पदविकेच्या) मुलींसाठी अमेरिकी शिक्षणतज्ज्ञ ग्लोरिया लॅडसन-बिलिंग्ज यांच्यावर टिपण लिहितेय. जन्म १९४७, फिलाडेल्फिया. तिथल्याच सरकारी शाळांत दहाएक वर्षं शिकवलं, मग स्टॅनफर्डची पीएच.डी., पुढे विस्कॉन्सिन विद्यापीठ. काळी मुलं मागे का पडतात, असं विचारणारे तेव्हा ढीगभर होते. बाईंनी विचारलं, ज्यांच्या वर्गात ती छान शिकतात ते शिक्षक करतात तरी काय? अशा शिक्षकांची एक यादी पालकांकडून घेतली, एक मुख्याध्यापकांकडून, आणि दोन्हीकडे नाव असलेल्यांतल्या आठ जणांचे वर्ग अभ्यासले. हे सगळं झरझर लिहून झालं.

गाडी अडली अमेरिकेतल्या शिक्षण-संशोधकांच्या संघटनेपुढे (एईआरए) केलेल्या त्यांच्या २००६ च्या अध्यक्षीय भाषणाशी. गोऱ्या-काळ्या मुलांच्या संपादणुकीतली तफावत म्हणजे अर्थसंकल्पातली यंदाची तूट, असं त्या म्हणतात. बघायचं ते वर्षानुवर्षं साचलेलं 'डेट', म्हणजे कर्ज. गुलामीत दक्षिणेतल्या बऱ्याच राज्यांत अक्षरओळखीलाच बंदी, नंतर वेगळ्या शाळा आणि गोऱ्यांनी वापरून टाकलेली पुस्तकं, मग पैसा. त्यांनीच दिलेले आकडे: शिकागोत दर मुलामागे वर्षाला ८,४८२ डॉलर, जवळच्या गोऱ्या वस्तीच्या हायलँड पार्कमध्ये १७,२९१. म्हणजे देणं समाजाचं, येणं मुलांचं.

खर्डा आईला दाखवला (जि.प.तून निवृत्त). चष्मा कपाळावर सरकवून म्हणाली, "एवढाल्या पोरांनी बँकेचं कर्ज कशाला काढलं?"

झालं!

'ऋण' लिहावं तर आभारप्रदर्शन वाटतं. आईनेच सुचवलं, 'थकबाकी' म्हण. वेतन आयोगाची थकबाकी कोणी कोणाला द्यायची असते, हे शिक्षकाला समजवावं लागत नाही. मला पटलंय, पण मग तूट आणि कर्ज ही जोडी तुटते, आणि सगळा युक्तिवाद त्या जोडीवरच उभा आहे. दोन्ही सांभाळणारा शब्द आहे का कोणाकडे?

जाता जाता आणखी एक. तिकडे 'अर्बन स्कूल' म्हटलं की गरीब, बहुतांशी काळ्या-लॅटिनो मुलांची शाळा डोळ्यांपुढे येते. 'शहरी शाळा' लिहिलं तर आपल्या मुलींना टाय लावलेली इंग्रजी माध्यमाची पोरं दिसणार. 'महापालिकेच्या शाळा' चालेल का? तिकडची शाळा-मंडळं बऱ्याच ठिकाणी पालिकेपासून वेगळी असतात, म्हणून हात आखडतोय.

रविवारपर्यंत द्यायचंय.